लाईन चोख आहे

१४ सप्टेंबर, रविवार

चंद्रव्वा, तुझा गुडघा कसा आहे? तिकडच्या गारठ्यात जास्त धरत असेल. तेल कोमट करून लाव, गार लावू नको. सिद्धूची कंबर सावरली का? बाळंतिणीनं वाकायचं नाही म्हणून माझं नाव सांगून दटाव तिला. बाळीचं पोट दुखायचं थांबलं का? जावईबापूंचा खोकला कसा आहे? मिरी आणि गूळ तू नेलेल्या निळ्या डब्यात आहे, त्यांना आठवण कर. इकडं मी बरा आहे. तुझी जास्वंद बरी आहे, नुसता मावा पडलाय, राख मारतो.

जाताना तू ही वही हातात दिलीस. म्हणालीस, "रोजचं लिहून ठेवा, आल्यावर वाचीन. फोनवर तुमी नुसतं बरं हाय, बरं हाय करता." पंचवीस दिवस वही कोरीच राहिली. मला लिहायचा सराव कुठला. आज बसलो, कारण फोनवरचं आपलं बोलणं धड होईनासं झालंय.

काय होतंय ते सांगतो. तू बोलता बोलता मधेच थांबतेस. तोंड दिसतं, नजर दिसते, शब्द येत नाहीत. मग दोन वाक्यांमागचं पुन्हा येतं. काल मी विचारलं, बाळीला अंघोळ कोण घालतं? उत्तर आलं तिच्या वजनाचं. वजनाचं मी त्याच्या आधी विचारलं होतं. म्हणजे शब्द तिकडं इंग्लंडात लीड्सहून निघतात, वाटेत अडकतात आणि मागचे पुढं होऊन सोलापुरात पोचतात. बावीस वर्षं अक्कलकोट रोडच्या सतरा गल्ल्यांना केबल पुरवली मी. खराब लाईन मला वासानं कळते.

एवढ्या लांबून तू बोलतेस त्यातलं निम्मं वाटेत सांडावं, हे मला बघवत नाही. मी याचा छडा लावणार.

१८ सप्टेंबर

चार दिवस कॉम्प्युटरपुढं बसून डोळे लाल झाले, पण डोक्यात उजेड पडला.

आपण ज्या फुकटच्या अॅपवर बोलतो, त्यात तुझा आवाज सरळ माझ्याकडं येत नाही. मधे कुणा तिऱ्हाइताच्या घरी जातो, तिथून इकडं. सासरहून माहेरी जाताना शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातून जायचं, तसं. मला तो मधला काढायचाय. लीड्सच्या घरातून थेट आपल्या घरात.

मग प्रश्न येतो, न्यायचं कसं. चित्र आणि आवाज बारीक तुकडे करून, पाकिटं भरून जातात. ती नेण्याच्या रीती वेगवेगळ्या. तू म्हणशील कळेल असं सांगा. मी तरुणपणी चार वर्षं चादरीच्या मागावर काढली, तेच उदाहरण घेतो. टीसीपी म्हणून एक रीत आहे. धागा तुटला की माग थांबतो, कारागीर गाठ मारतो, मगच धोटा पुढं. कापडात एक धागा कमी येणार नाही, पण लागेल तो वेळ लागेल. दुसरी यूडीपी. तिथं थांबणं नाही. तुटला तर तुटला, माग चालूच. कापड वेळेवर, पण मधे विरळ जागा पडणार.

दोन्ही लावून, मोजून बघणार. गुरु जावयांना फोन केला. म्हणाले, "मामा, कशाला एवढी उठाठेव? अॅप ठीकच चाललंय की." मी म्हणालो, तुम्ही ऑफिसात संगणकाचं काम करता, मी खांबावर चढून केलंय. ते हसले. शनिवारी तिकडचा कॉम्प्युटर मांडून देतो म्हणाले. भला माणूस आहे.

२३ सप्टेंबर

लागलं! साडेअकराला, तिकडच्या सकाळी सातला, तू पूजेला बसलेली दिसलीस. डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग, कपाळावर विभूतीची तीन बोटं, मागं पाळणा. मधे कुणी नाही. गेल्या चव्वेचाळीस वर्षांत तुझी पूजा मी अशी समोर बसून कधी बघितलीच नव्हती. मी त्या वेळी कुणाच्या तरी गच्चीवर असायचो.

यूडीपीवर घेतलं. मोजणी ठेवली. शंभर पाकिटांत तीन गळतात. पूजा झाल्यावर तू म्हणालीस, "अहो, त्या गॅसच्या..." आणि गप्प. मी पाच आकडे मोजले. मग म्हणालीस, "काय म्हणत होते मी?"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! सापडला फॉल्ट. शंभरात तीन म्हणजे थोडं नव्हे. तीन मिरच्या कमी पडल्या तर भाजीला कळतं.

सिद्धू मधे येऊन म्हणाली, "अप्पा, लाईन ठीक आहे हो. जरा माझं ऐका ना, अव्वाचं..." मी तिला तिथंच थांबवलं. म्हणालो, आधी तो कॉम्प्युटर खिडकीतून हलवून राऊटरशेजारी ठेव, वायरनं जोड, मग बोल. पोरगी गेली आणि वायर शोधून आणली. लहानपणापासून तशीच, सांगितलेलं ऐकते.

२ ऑक्टोबर, दसरा

आपट्याची पानं देवापुढं ठेवली, तुझ्या वाटची पण.

आज टीसीपी. गळती शून्य! शब्दन् शब्द आला. पण उशिरा. आधी सेकंदाचा फरक, मग दोन, शेवटी चार. माग थांबायचा, गाठ मारायचा, पुढं जायचा. तू विचारलंस, "ऊट आतेन्री?" मी म्हणालो, झालं जेवण, पुरणपोळी शेजारून आली. तू पुन्हा विचारलंस, ऊट आतेन्री? मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा तू विचारलंस तेव्हा माझी ट्यूब पेटली. माझं उत्तर तुला चार सेकंदांनी पोचतंय. तू बिचारी वाट बघून परत विचारतेस. तुझा काय दोष.

म्हणजे एकात शब्द सांडतात आणि एकात शिळे होतात. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

तू लग्नानंतर पहिल्या वर्षी माझ्याशी मराठीत बोलायला शिकलीस आणि मग मराठीच धरलीस. आता इतक्या वर्षांनी माहेरच्या बोलीत जेवण विचारतेस, कानाला गोड लागतं. नातीच्या कानावर पडावी म्हणून बोलत असशील.

११ ऑक्टोबर

तिसरी रीत सापडली, एसआरटी. चित्र लांब पाठवायच्या धंद्यातल्या लोकांनीच काढलीय. यात कापड विणलं की लगेच गुंडाळत नाहीत, सेकंदभर थांबून गुंडाळतात. तेवढ्यात तुटलेल्या धाग्याची गाठ मारून झाली तर उत्तम, नाहीतर भोकासकट पुढं. थांबणं किती, ते आपण ठरवायचं. मी एक सेकंद ठेवलं. गळती शून्य, उशीर एकच सेकंद, तोही ठरलेला. ज्यानं शोधलं त्याच्या घरी दुधाची गंगा वाहो.

आणि तरीही काल विचित्र झालं. तू विभूती लावलीस, लिंग कपाळाला टेकवलंस, लिंगाची छोटी पेटी बंद करून गळ्यात घातलीस. थोड्या वेळानं बघतो तर तू पुन्हा पेटी उघडतेस, पुन्हा विभूती, पुन्हा तेच सगळं. मी समजलो, हरवलेली पाकिटं लीड्सनं परत पाठवली आणि माझ्या यंत्रानं तीच रीळ दोनदा दाखवली.

जावयांना विचारलं. ते म्हणाले, "मामा, तसं होत नाही. एकच पाकीट दोनदा आलं तर दुसरं टाकून देतं ते. दाखवत नाही."

"मग मी काय बघितलं?"

"मामा, सिद्धूशी बोला ना तुम्ही एकदा. सावकाश."

या शिकलेल्या लोकांचं हे असं. अडलं की बायकोकडं बोट. मी रात्रभर त्यावर विचार नाही केला, सरळ झोपलो, आणि सकाळी ठरवलं की चूक सेटिंगमधेच आहे.

२१ ऑक्टोबर, दिवाळी

पणत्या लावल्या, पाचच. तू असतेस तेव्हा पायऱ्यांवर एकवीस असतात.

आज सगळे एकत्र दिसले. बाळीला लाल झबलं. जावई नवा सदरा घालून तुझ्या पाया पडायला आले. तू त्यांच्याकडं बघितलंस, मग सिद्धूला विचारलंस, "इंव यार?" हा कोण म्हणून. मी इकडं पोट धरून हसलो. जावई लातूरचे, त्यांना कन्नड ओ की ठो कळत नाही, त्यांच्यासमोर त्यांचीच थट्टा! तुझी ही खोड लग्नातली. माझ्या मामांकडं बघूनही तू असंच विचारलं होतंस, "हे वाजंत्री वाजवणारे का?"

मी हसत होतो तेव्हा तिकडं कुणी हसलं नाही. सेकंदाचा उशीर आहे म्हणून थांबलो. मग दोन सेकंद झाले, मग तीन. जावई म्हणाले, "अव्वा, मी गुरु." आणि चित्र तिथंच थांबलं. सिद्धूनं कॉल बंद केला होता. बाळी रडत असेल.

२७ ऑक्टोबर

काल तिकडं घड्याळ एक तास मागं घेतलं. थंडीत तसं करतात म्हणे. म्हणूनच तू काल तिकडच्या दुपारी बारा वाजता सांजदिवा लावायला निघालीस, असं मी सिद्धूला समजावून सांगितलं. माणसाचं शरीर म्हणजे काय भिंतीवरचं घड्याळ आहे का, काटा फिरवला की झालं?

सिद्धू म्हणाली, गुरुवारी अव्वाला डॉक्टरकडं नेतेय. मी म्हणालो, गुडघ्याचा फोटो जुना आहे तो दाखव, नवा काढायला लावतील. ती म्हणाली, "बरं अप्पा." तिचा आवाज घोगरा होता. मी लगेच आकडे बघितले. गळती शून्य. तरी घोगरा येतोय म्हणजे माईकच्या वायरीत काहीतरी आहे.

२ नोव्हेंबर

तिप्पण्णा आला होता. खांबावर चढायचं काम खरं तर वीस वर्षं त्यानंच केलं, मी खाली उभा राहून ओरडायचो. अजून मला मालक म्हणतो. टेबलावरची सगळी मांडामांड, आकड्यांचे कागद बघून म्हणाला, "मालक, येवढ्या खटपटीत तर इमान उडालं आसतं. वैनीस्नी आणाया ग्येला आसता की."

मी त्याला सगळं सांगितलं. यूडीपी, टीसीपी, एसआरटी. शून्य गळती आणि तरी दोनदा येणारी पूजा. त्यानं चहा बशीत ओतला, फुंकला, प्याला. मग म्हणाला, "आपुन फॉल्ट कसा काडायचो? गिऱ्हाईक म्हनायचं लाईन बेकार. तुमी म्हनायचा, तुजा टीव्ही बेकार."

"व्हय. मग?"

"तरीबी भांडला तर?"

"तर छोटा टीव्ही खांद्यावर घेऊन डिशच्या बुडाशी जायचं आणि तिथंच लावून बघायचं. तिथं चित्र चांगलं असेल तर लाईन खराब."

"मंग तितं लावून बगा की. जावायास्नी म्हना, कॅमेऱ्याम्होरं जे हुतंय त्ये तितल्या तितं भरून ठेवा. लाईनीत घालायच्या आदी. आन् त्ये तुमच्याकडच्या संगं ताडून बगा. आडातच न्हाई तर..."

एवढा बोलका गडी, म्हण अर्धी टाकून बशी धुवायला उठला. मी म्हणालो, राहू दे रे, मी धुतो. तर म्हणाला, "न्हाई मालक, बसा तुमी. बसाच."

त्याची आई शेवटची तीन वर्षं त्याला भाऊ म्हणून हाक मारायची. ते आज मला का आठवलं कोण जाणे.

पण युक्ती चोख आहे. माझ्या डोक्यात कशी आली नाही? चंद्रव्वा, आता दोन दिवसांत निकाल.

६ नोव्हेंबर

जावयांनी तिकडं भरून ठेवलेली कालच्या पूजेची फाईल आली. कॅमेऱ्यापासून सरळ, लाईनीत न घातलेली. मी डावीकडं ती लावली, उजवीकडं माझ्याकडं आलेली. दोन्ही बरोबर चालवली.

दोन्हींत काही फरक नाही. एका केसाचा नाही.

फाईलमधे पहिल्या पूजेच्या वेळी बाळी पाळण्यात आहे आणि टेबलावर दुधाचा पेला भरलेला आहे. दुसऱ्या पूजेच्या वेळी बाळी सिद्धूच्या खांद्यावर आहे आणि पेला रिकामा आहे. अकरा मिनिटांचं अंतर. म्हणजे तेच चित्र दोनदा आलेलं नाही. तिनं पूजा दोनदा केली.

सिद्धू मागं उभी आहे. ती आईला अडवत नाही. विभूतीची डबी तिच्या हाताजवळ सरकवून देते. मग कॅमेऱ्याकडं, म्हणजे माझ्याकडं, बघते.

ही वही आता चंद्रव्वाला दाखवता येणार नाही.

बावीस वर्षांत किती जणांना सांगितलं असेल मी, लाईन चोख आहे, दोष तुमच्या घरात आहे. कडक आवाजात सांगायचो. एकदा एका म्हाताऱ्या बाईंना तर दारातूनच सांगून निघालो होतो. त्या काय म्हणाल्या होत्या, ते आठवत नाही. मी थांबलोच नव्हतो.

७ नोव्हेंबर

जेवलो नाही. जास्वंदीला पाणी घातलं.

९ नोव्हेंबर, रविवार

सिद्धूशी बोललो, साध्या फोनवर. ती घराबाहेर बागेत जाऊन बोलत होती, वाऱ्याचा आवाज येत होता. मी वाऱ्याबद्दल काही बोललो नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मला विमानतळावरच कळलं, अप्पा. तिनं मला ओळखलं, पण पोट बघून विचारलं, कितवा महिना? चार दिवसांपूर्वी फोनवर तिनंच दिवस मोजले होते. मग एकदा शेजारच्या रस्त्यावर सापडली. बसची वाट बघत होती. अक्कलकोटच्या."

"मला सांगायचं होतंस ग पोरी."

"किती वेळा सांगायला आले. तुम्ही म्हणायचात राऊटरशेजारी ठेव. म्हणायचात वायर बदल. मी सात वायरी बदलल्या अप्पा!" तिला हसू आलं आणि हसता हसताच ती रडायला लागली. "गुरु म्हणायचे, राहू दे, मामांना त्यात बरं वाटतंय. मलाही वाटायचं, एवढं शोधतायत तर सापडेल काहीतरी."

"डॉक्टर काय म्हणाले? गुडघ्याचे नव्हेत ते."

"नव्हेत." मग तिनं सांगितलं. विसरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं. मागं जात नाही, पुढं सावकाश जाऊ शकतो, औषधानं थोडा आधार. घरच्या माणसांत, सवयीच्या जागेत ठेवा म्हणाले. "अप्पा, घरी काहीच कळलं नव्हतं का तुम्हाला?"

उन्हाळ्यात आमटीत मीठ दोनदा पडायचं. मी म्हणायचो, आमच्या हिच्या हाताला आता समुद्र लागलाय. शेजारच्या बायकांत हसून सांगायचो. गॅस चालू राहिला तेव्हा मी तिच्यावर ओरडलो होतो. ती नुसती बघत राहिली. मला वाटलं, रुसली. आणि मग मीच आग्रह केला, जा, पोरीची बाळंतपणं आईनं करायची असतात. तीन विमानं बदलायला तिला एकटीला पाठवली. तिच्या गळ्यात कागद अडकवला होता पत्त्याचा. तेव्हा तो इंग्रजी येत नाही म्हणून, असं म्हणालो होतो मी.

कळलं नव्हतं कसं म्हणू.

"मी येऊ का तिकडं?" विचारलं. सिद्धू म्हणाली, तुमचा पासपोर्ट कुठाय अप्पा. खरंच की. कधी काढलाच नाही. मला वाटायचं, मला कुठं जायचंय.

१५ नोव्हेंबर

आज जावयांना म्हणालो, एसआरटीचं थांबणं एक सेकंदावरून खाली आणा. जितकं खाली जाईल तितकं.

"मामा, मग हरवलेलं परत मागायला वेळच उरणार नाही. शब्द गळतील."

"गळू देत."

"तुम्हीच तर म्हणत होता, एकही नको गळायला."

"म्हणत होतो. ती हसली की मला ते तेव्हाच दिसू दे. सेकंदानं शिळं नको."

त्यांनी तसं केलं. शंभरात दोन गळतात आता. मी आकड्यांची खिडकी बंद करून टाकली.

साडेबाराला ती आली, शाल पांघरून. सिद्धू बाळीला घेऊन आत गेली. आम्ही दोघंच. ती माझ्याकडं बराच वेळ बघत होती आणि तिचे डोळे अगदी निवळ होते, विहिरीचा तळ दिसावा तसे. म्हणाली,

"अहो. तुमी लाईनीला बोलायचं बंद केलंत वाटतं."

"व्हय."

"का?"

मी चष्मा काढून पुसत बसलो.

"तुमी लाईनीला शिव्या द्यायचात न्हवं, तवा मला बरं वाटायचं. म्हनायचे मी मनात, असंल की लाईनच. यांना येवढं कळतं, हे म्हन्तात म्हंजे लाईनच असनार."

एक माणूस बुडत होतं आणि मी काठावर बसून पाण्याची खोली मोजत होतो, आणि त्या माणसाला वाटत होतं, हे मोजतायत म्हणजे उथळच असेल.

"लई भ्या वाटतं हो कधीकधी," ती म्हणाली. "सकाळी उठले की खोली कुनाची त्ये कळंना व्हतं. मग बाळी रडली की कळतं."

"घाबरायचं नाही. मी आहे की."

"हां," म्हणाली. मग खिडकीकडं बघितलं. परत माझ्याकडं बघितलं तेव्हा तळ दिसत नव्हता. चेहरा प्रसन्न होता. "ऊट आतेन्री?"

सांगितलं, झालं, भाकरी आणि शेंगाची चटणी. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. सांगितलं, भाकरी तिप्पण्णाच्या घरून आली होती. मग सांगितलं, त्याच्या सुनेनं केली होती. मग, जरा करपली होती. मग, एक खाल्ली, अर्धी ठेवलीय. प्रत्येक वेळी तिला नवं काहीतरी मिळालं पाहिजे, एवढंच मनात होतं. पाचव्यांदा की सहाव्यांदा ती हसली, म्हणाली, "करपलेलीच आवडती तुमाला, सोंगं नका करू." ते हसणं वेळेवर पोचलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

चंद्रव्वा,

वहीतलं हे एकच पान फाडून पाकिटात घालतोय. बाकीची वही घरात राहील, तिच्यात नुसते माझे आकडे आहेत.

जानेवारीत सिद्धू तुला घेऊन येतेय. ये. न्हाणीच्या पायरीला कठडा बसवून घेतला, तिप्पण्णानं बसवला, आणि बसवताना मला चार शिव्या घातल्या की वाकडा धरताय म्हणून. खोल्यांच्या दारांवर रंग वेगवेगळे दिलेत. स्वयंपाकघर पिवळं. तुला आवडणार नाही, पण लांबून दिसतं. भाकरी थापायला शिकतोय. गोल होत नाही, पण भाकरी आहे हे ओळखू येतं.

एक मागणं आहे. तू कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकलीस. मराठी वाचतेस, पण लिहायला लाजतेस. मी कन्नड बोलतो, पण मला ते वाचता येत नाही. म्हणून चव्वेचाळीस वर्षांत तुझ्या हातचं एक पत्र मला आलं नाही, आणि आलं नाही हे माझ्या कधी ध्यानातही आलं नाही. गेल्या आठवड्यात मी पहिलीचं कन्नड पुस्तक आणलं. रोज सकाळी एक पान गिरवतो. अक्षरं सगळी गोल, डोक्यावर तुरा असलेली. हात वळत नाही, मागावरचा हात आहे. पण 'अव्वा' लिहिता आलं. तुझं नाव लिहायला गेलो, तर त्यातलं 'द्र' हे जोडाक्षर अजून यायचंय. पुढच्या आठवड्यात येईल.

तू कन्नडात लिही. काहीही लिही. खिडकीतून काय दिसतं ते, बाळीनं काय केलं ते. तुझ्या आईच्या घरचं लिही, मला कधी सांगितलं नाहीस ते. माझ्यावरचा राग लिही, असेलच. मधेच थांबलीस तर थांब, तिथून पुढं दुसऱ्या दिवशी लिही. मी एकेक अक्षर बोट ठेवून लावीन, दिवस लागला तरी लावीन.

सिद्धूला वही आणि पेन मागून घे. आजच माग, चंद्रव्वा. तुझं पत्र लवकर येऊ दे. लवकर.